इरालुकचा पहिला घोट

सकाळी धावपट्टीवर मॉक्सीने ओलिंकाचं अँकरेजहून आलेलं पार्सल सगळ्यांदेखत फोडलं आणि त्यातली यीस्टची पुडी काढून खिशात टाकली. यीस्टची गावठी होते, म्हणून आमच्या गावात आधीपासूनच्या दारूबंदीत यंदा यीस्टचीही भर पडली. विमानातून उतरलेली प्रत्येक वस्तू तपासायचं काम पंचायतीने मॉक्सीलाच दिलंय.

"उद्या माझ्या पोराच्या नावाचं जेवण आहे," ओलिंका म्हणाली. "पावाशिवाय कसं वाढू?"

"नियम म्हणजे नियम, मावशी. तूच हात वर केला होतास ना बंदीसाठी?"

केला होता. आम्ही सगळ्यांनीच केला होता. मॉक्सीने बाजूला ठेवलेल्या एका मोठ्या, न फोडलेल्या खोक्याकडे ओलिंकाचं लक्ष गेलं. त्यावर डायपरचं चित्र होतं. दर आठवड्याला असं एक खोकं येतं आणि आपल्याच पोरीचं म्हणून मॉक्सी ते उघडत नाही.

दुपारी ती त्याच्या घरात शिरली. आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही. मॉक्सी जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याची चार वर्षांची मुलगी जमिनीवर चित्र काढत होती. बायको शाळेत स्वयंपाकाला गेली होती.

ओलिंकाला पाहून मुलगी धावत आली. तिचं नाव इरालुक. ओलिंकाचा मुलगा इरालुक गेला, त्यानंतर गावात जन्मलेलं पहिलं मूल हे. म्हणून नाव त्याचंच, मुलगी असली तरी. नाव मिळालं की माणूस परत आला, असं आम्ही मानतो. ओलिंका तिला लेका म्हणते, सीलचा पहिला तुकडा तिला देते, आणि तिच्यावर कधी आवाज चढवत नाही.

"लेका," ओलिंकाने तिला जवळ घेतलं, "अजून अंथरूण ओलं करतोस का रे?"

"नाही काही!" मुलगी रागावली. "मी केव्हाच मोठी झाले."

"मग डायपर कुणाला लागतात या घरात?"

मॉक्सीच्या हातातलं जाळं थांबलं. "पाहुण्यांना लागतात," तो म्हणाला. "मावशी, बस ना. चहा टाकतो."

ओलिंका बसली नाही. तिने कमरेची सुरी काढली, ज्या सुरीने ती मासे चिरते तीच, आणि कोपऱ्यातल्या खोक्याचं पोट फाडलं. वर डायपरचा एक थर होता. खाली व्हिस्कीच्या प्लास्टिकच्या बाटल्या, मुडदे ठेवावेत तशा शिस्तीत.

"हळू बोल," मॉक्सी म्हणाला. ती अजून काहीच बोलली नव्हती.

"मी हळूच बोलतेय. म्हाताऱ्या बायकांचं यीस्ट पकडतोस. दारूचा अंश असतो म्हणून व्हॅनिला इसेन्सची बाटलीसुद्धा सोडत नाहीस. आणि हे?"

"मी नाही आणली तर दुसरा कुणी आणील. लोकांना हवी असते. बंदी मी घातली का?"

"नाही. तुला तर ती फळली. बंदीआधी तुझ्याकडे साधी स्नोमोबाइल नव्हती." तिने शेल्फवरचा कप उचलला. "बंदीआधी माझा पोरगा घरात प्यायचा. मी शिव्या घालायचे, तो शेगडीपाशी झोपायचा, सकाळी उठायचा. आता घरात सापडली तर तुरुंग. म्हणून पोरं तुझी बाटली घेऊन नदीवर जातात आणि कुणी बघायच्या आत एका दमात संपवतात. मग बर्फातच झोपतात."

मॉक्सी फाटलेल्या खोक्याची झाकणं मिटवू लागला. तिच्या पोराला बर्फात शोधायला सगळ्यांत पुढे हाच होता. प्रेताला खांदाही यानेच दिला होता, आणि आम्ही याला भला माणूस म्हटलं होतं.

मेलेल्या माणसाला फार तहान लागते, असं आमचे वडीलधारे सांगतात. म्हणून जेवणाच्या दिवशी त्याचं नाव मिळालेल्या मुलाला आधी पाणी पाजायचं. तो घोट मेलेल्यालाच पोचतो. चार वर्षांची इरालुकही हे जाणते. ओलिंकाच्या हातात कप दिसताच ती समोर येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

ओलिंकाने बाटलीचं झाकण फिरवलं आणि कप काठोकाठ भरला. घरभर वास सुटला. कप तिने मुलीला दिला नाही, मॉक्सीच्या हातात दिला.

"उद्याचा मान आजच घे. माझ्या इरालुकला तहान लागलीय. पाज."

"मावशी, वेड लागलंय का तुला?"

"मागच्या वेळी, तो नदीवर गेला तेव्हा, तूच पाजलीस ना? मग आज काय झालं? नावाच्या माणसाला नाही म्हणायचं नसतं."

"बाबा, दे ना," मुलगी म्हणाली.

मॉक्सीने कप उंच धरला. थोडी व्हिस्की त्याच्या बाहीवर सांडली. मुलीने टाचा उंचावून कपाला बोटं लावली, तशी त्याने कप हिसकून भिंतीवर भिरकावला.

"मरेल ती!" तो ओरडला.

मुलगी दचकून रडू लागली. ओलिंकाने तिला कडेवर घेतलं, बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या ओठांना लावलं आणि ती पिऊन होईपर्यंत थांबली. मग मॉक्सीकडे वळली.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.