देशाच्या चटया

"देश घडवणाऱ्या वस्तू" या दालनात मुलिपोला सरदारांच्या आजीनं विणलेल्या तीन चटया काचेत होत्या. सरदार परत मागायला आले की संग्रहालय सांभाळणाऱ्या फेतुईबाई म्हणायच्या, "आता त्या देशाच्या, आजोबा."

"आजी माझी होती, देशाची नव्हे!"

परवा बाईंच्या गाडीखाली सरदारांचं डुक्कर आलं. सामोआत अशा वेळी मानाची चटई डोक्यावर पांघरून ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात बसायचं. माफी मिळाली की चटई त्याची. बाईंच्या घरी तसली एकही नव्हती. शेवटी त्यांनी दालनातली काच उघडली.

"ऊठ पोरी, केलं माफ," म्हणत सरदारांनी चटईची घडी घातली.



दुसऱ्या दिवशी बाई कामाला आल्या, तर त्यांच्या गाडी लावायच्या जागेवर सरदारांची आणखी दोन डुकरं बांधलेली.