हिचा हात लागू दे

तुरुंगात गळाभेटीच्या दिवशी मध्ये जाळी नसते. शलाकाच्या नवऱ्याने लेकीला मांडीवर घेतलं आणि खिशातून घडी घातलेलं अपील काढलं. वकील नव्हता, सगळं त्याने स्वतःच लिहिलं होतं.

"आधी हिचा हात लागू दे, मग ऑफिसात देतो. त्यासाठीच थांबलो होतो."

शलाकाने वरची निकालाची तारीख पाहिली आणि दिवस मोजले. "अहो, अपिलाची मुदत गेल्या आठवड्यातच संपली!"

त्याचा चेहरा उतरला. लेक मात्र कागदावर थापट्या मारत खिदळत होती. शलाकाला रागवायचं होतं, पण जमेना.

"उशीर माफ करण्याचा अर्ज जोडा सोबत."

"कारण काय लिहू?"

"खरं तेच. पण आज, आत्ता लिहा. नाहीतर त्यावरही हिचा हात हवा म्हणून पुढच्या गळाभेटीपर्यंत थांबाल!"