शेजारचा पाट

ऐंशी सरलेल्या द्वारकाबाई सहस्रचंद्रदर्शनाला पाटावर बसल्या. शेजारच्या पाटावर नवऱ्याचा लाकडी अर्धपुतळा होता. ऐन तिशीत विजेच्या खांबावर काम करताना ते गेले, तेव्हा त्यांच्या एकुलत्या एका फोटोवरून सावंतवाडीच्या कारागिरानं तो जिवंत लाकडात कोरून दिला होता. द्वारकाबाईंनी त्याला रोज पाणी पाजलं आणि लाकडातला चेहराही त्यांच्याबरोबर पिकत गेला.

औक्षणाआधी नलिनी लाखेचा डबा घेऊन आली. "आई, बाबांना सुरकुत्या फार पडल्यात गं. लाखेचा एक हात दिला की वाढ थांबेल."

"खबरदार!" द्वारकाबाई कडाडल्या. मग त्या सुरकुतल्या कपाळावर त्यांनी ऐटीत गंध लावलं. "तरुण हे होतेच. ह्यांना म्हातारं मी केलंय!"