एक धडा पुढे

१९९२ सालची गोष्ट. जून महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी एतेल्काबाई बुडापेश्टच्या भाषा-परीक्षा केंद्रात जिन्याआड उभ्या होत्या. एवढ्या उन्हाळ्यात डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. पर्सची कडी उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा उघडत होत्या. ओळखीचं कुणी भेटू नये, एवढंच मागणं होतं. आणि नेमका समोरून बालिंत आला. त्यांच्याच वर्गातला विद्यार्थी.

"बाई! तुम्ही इथे?"

"परीक्षा घ्यायला बोलावलंय," बाई म्हणाल्या. हे शब्द आपल्या तोंडून निघालेच कसे, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

बालिंतने त्यांच्या पर्सच्या कडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं. तुमच्याकडे नंबर लागला तर जरा सांभाळून घ्या. मागच्या खेपेला चार गुणांनी गेलो. या वेळीही इंग्रजीची मध्यम पातळी हुकली तर पदवीचा कागद विद्यापीठाच्या कपाटातच राहणार, आणि आई मला डुकरं राखायला धाडणार."

तो परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला. शेजारी तेवढी एकच जागा होती. बाईंना तिथेच बसावं लागलं.

बाईंनी शेतकी विद्यापीठात बावीस वर्षं रशियन शिकवली होती. मग कम्युनिस्टांचं राज्य गेलं, रशियनची सक्ती उठली, आणि एका उन्हाळ्यात रशियन कुणालाच नकोशी झाली. आता पदवी हवी तर इंग्रजीची नाहीतर जर्मनची मध्यम पातळी पार करायची होती. शिकवायला माणसं कुठून आणणार? विभागप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं. "एक भाषा शिकवलीत, दुसरीही शिकवाल. मात्र दोन वर्षांत तुम्हीही मध्यम पातळीचा दाखला आणायचा. नाहीतर खुर्ची रिकामी करायची."

तेव्हापासून संध्याकाळी सहा ते आठ बाई स्वतः इंग्रजीच्या वर्गात बसत. सगळ्या त्यांच्यासारख्याच, रशियन हातची गेलेल्या मास्तरणी. मागच्या बाकावर इर्मा नावाची एक खेड्यातली बाई असे. खसखस भरलेला पाव आणायची आणि सगळ्यांना वाटायची. "अगं एतेल्का," ती म्हणायची, "आपण दोघी मिळून एक इंग्रज बाई झालो तरी पुष्कळ!"

संध्याकाळी शिकलेला धडा बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पोरांना शिकवत. पोरांच्या पुढे एक धडा. एकच. वर्गात शिरताना एकच धास्ती. एखाद्याने पान उलटून पुढचं विचारलं तर? रात्री झोप लागायची नाही.

पण कुणी कधी पान उलटलंच नाही. दोन वर्षांत बावीस पोरांपैकी एकानेही धड्याबाहेरचा प्रश्न विचारला नाही.

"आमची पोरं बुद्धीने बेताचीच गं," बाई एकदा इर्माला म्हणाल्या होत्या. "कशाची शंकाच येत नाही त्यांना."

इर्माने पावाचा आणखी एक तुकडा त्यांच्या पुढ्यात ठेवला होता.

अकरा वाजता परीक्षेच्या खोलीचं दार उघडलं. हातात यादी घेऊन कारकून बाहेर आली.

"परीक्षार्थी क्रमांक चौदा. वारकोन्यी एतेल्का."

बाई हलल्या नाहीत. उठलं तर या पोरासमोर दोन वर्षांची अब्रू जाणार होती. नाही उठलं तर नोकरी. पर्सची कडी त्यांच्या बोटांत तशीच उघडी राहिली. बालिंत आपल्या बुटांकडे बघत बसला होता.

"वारकोन्यी एतेल्का! आहे का कुणी? नाहीतर नाव खोडते."

पेन्सिल कागदावर टेकली.

"आहेत, आहेत! थांबा जरा!" बालिंतच ओरडला. मग हळूच म्हणाला, "उठा बाई. तुमचा नंबर आला."

"तुला माहीत होतं? कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. सगळ्या वर्गालाच माहीत होतं. तुमच्या मागच्या बाकावर बसते ना, खसखशीचा पाव आणते, ती माझी आई."

बाईंनी डोक्याचा रुमाल सोडला, त्याच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या.

बाई तीन गुणांनी पास झाल्या. पुढे सतरा वर्षं त्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. बालिंतलाही मध्यम पातळी मिळाली, पदवीचा कागद कपाटातून बाहेर आला. त्याने केचकेमेटजवळ जर्दाळूची बाग केली. इंग्रजी त्याला फारशी कधी लागलीच नाही. इर्माने अभ्यास अर्ध्यावर सोडला आणि गावात लोकरीचं दुकान टाकलं. तिकडे कॅलेंडरात प्रत्येक नावाला नेमून दिलेला एक दिवस असतो; बाईंच्या नावाच्या त्या सणाला ती शेवटपर्यंत खसखशीचा पाव पाठवत राहिली. विभागप्रमुखांनी स्वतः मात्र कुठल्याच भाषेची कुठलीच पातळी कधी गाठली नाही.

त्या वर्षीच्या पदवीदानानंतर बाई वर्गात आल्या तेव्हा टेबलावर एक चौकटींची वही होती. आत बावीस हस्ताक्षरांत, तारीख घालून, दोन वर्षांतले प्रश्न लिहिलेले होते. एकशे सेहेचाळीस. पहिल्या पानावर बालिंतच्या अक्षरात सूचना होती: "यातलं वर्गात कुणीही काही विचारायचं नाही. बाई दोन धडे पुढे गेल्या की मग."