त्रिकोणासनाचं तिकीट

“गुडघा,” यज्ञेश्वर सर म्हणाले आणि वहीत काट मारून मोकळे झाले.

हेमा अजून त्रिकोणासनातच उभी होती. एक हात घोट्याशी, दुसरा छताकडे. उजवा गुडघा जेमतेम बोटभर वाकला होता. तेवढ्यावरून ती योगशिक्षकाच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली. विश्रांतवाडीला तिच्या सोसायटीतल्या बावीस बायका तिच्या वर्गाची वाट बघत होत्या. प्रमाणपत्रावर सरांची सही मिळाल्याशिवाय वर्ग सुरू करणार नाही, असं तिनंच त्यांना सांगून ठेवलं होतं.

“सर, सकाळच्या थंडीत जरा आखडतो तो.”

“मग उन्हाळ्यात जन्माला यायचं होतं. पुढचे कोण?”

सदाशिव पेठेतल्या त्या हॉलमध्ये चौदा जण होते. कुणी हसलं नाही. जो हसेल, पुढचा नंबर त्याचाच लागायचा. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पांढरंशुभ्र धोतर नेसून खुर्चीत बसत. स्वतः आसन करून दाखवत नसत. एकदा कुणीतरी तशी विनंती केली होती. “बघून येण्यासारखं असतं तर मी इथं आरसे लावले असते,” असं उत्तर मिळालं. पन्नास वर्षं त्यांचा वर्ग असाच चालला होता, आणि पुण्यात त्यांच्या सहीला मान होता.

परीक्षा संपता संपता श्रीधर आगाशे आले. सरांचे शाळेपासूनचे मित्र, तारखात्यातून निवृत्त झालेले. काखेत जाडजूड अल्बम. जगभरातल्या टपाल तिकिटांवरची योगासनं त्यांनी वीस वर्षं खपून जमवली होती. पुढच्या आठवड्यात त्यांचं प्रदर्शन होतं. तिकिटांखाली लिहिलेली आसनांची नावं बरोबर आहेत का, एवढंच त्यांना सरांकडून तपासून हवं होतं.

सरांनी भिंग घेतलं. विद्यार्थी भोवती गोळा झाले.

“हे भुजंगासन? हा तर ऑफिसात पालथा पडलेला हेडक्लार्क आहे.” पान उलटलं. “ही बाई वृक्षासनात नाही, बसची वाट बघतेय.” आणखी एक पान. “पद्मासन म्हणे! माणूस बसलाय की मोळी बांधून ठेवलीय?” आपल्या टपालखात्याची एक्क्याण्णव सालची चार तिकिटं आली. “आपलेच आहेत. काठावर पास करा.” बाकी एकेक देश सरांनी नापास केला. श्रीधरपंत खालमानेनं पानं उलटत होते. वीस वर्षांच्या खटाटोपाचा त्यांच्या डोळ्यांदेखत भुगा होत होता.

शेवटच्या पानावर एकच तिकीट होतं. कुठल्याशा इवल्या बेटाचं. फिक्या निळ्या रंगावर काळ्या रेषांत काढलेला माणूस, चेहरा नसलेला, त्रिकोणासनात.

सरांनी भिंग जवळ नेलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“वा! हेमाताई, इकडे या. तुमचे नातेवाईक सापडले. हा गुडघा बघा. बकरीचा मागचा पाय! ह्या गाढवाला उभं कुणी केलं इथं? आणि तिकीट काढणारे तर ह्याच्याही वरताण!”

हेमाचे कान तापले. तिनं वाकून पाहिलं. गुडघा खरोखरच वाकलेला होता. तिच्याहून जास्त.

“यज्ञेश्वर,” श्रीधरपंत हळूच म्हणाले, “अरे, हा तू आहेस.”

सरांनी भिंग खाली ठेवलं.

“पर्वतीच्या पायथ्याशी मी काढला होता बघ तुझा फोटो, एकोणसत्तर साली. त्या बेटाच्या टपालखात्याचा चित्रकार तिकिटासाठी कुणा खऱ्या योग्याचा फोटो शोधत होता. मी तुझा पाठवला. प्रदर्शनात सांगणार होतो सगळ्यांसमोर. म्हटलं, तुला आनंद होईल.” त्यांनी अल्बमच्या खिशातून पिवळट पडलेला फोटो काढून तिकिटाशेजारी ठेवला. लंगोट लावलेला, पिळदार अंगाचा, एकोणतीस वर्षांचा यज्ञेश्वर. तोच कोन, तोच वाकलेला पाय.

सर फोटोकडे बघत राहिले. तीन वर्षं हेमानं ह्या माणसाचं बोलणं गिळलं होतं. पहाटे पाचला स्कूटर काढून ती इथं येत होती. आज तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं, आणि तिला ते आवरायचं नव्हतं.

“सकाळची वेळ असेल, सर,” ती म्हणाली. “थंडीनं आखडला असेल.”

एक मुलगी फिसकन हसली. आता वही भिरकावली जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. श्रीधरपंतांनी घाईघाईनं अल्बम मिटायला घेतला.

सरांनी त्यांचा हात धरला. मग खुर्चीचे हात पकडून ते सावकाश उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी उजव्या पायावरचं धोतर वर ओढलं. गुडघ्याची वाटी एका बाजूला सरकलेली होती. मांडीपासून पोटरीपर्यंत जुना, ओबडधोबड व्रण गेला होता. पाय सरळ करायला त्यांनी जोर लावला. पाय थरथरला, पण सरळ झाला नाही.

हेमाला आपलं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. तिनं पुढे होऊन त्यांचा दंड धरला. सरांनी तो सोडवून घेतला नाही.

“पंधराव्या वर्षी झाडावरून पडलो,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. “माझ्या गुरूंनी ह्याच आसनात मला चार वेळा नापास केलं. पाचव्यांदा मी गेलोच नाही, त्यांच्या सहीशिवाय सरळ पाटी लावून वर्ग सुरू केला. आता सांगा हेमाताई, तुम्हाला सही कुणाची हवीय?”