पाण्याचा साहेब

"पाव झाला!" सम्यक हौदाच्या कठड्यावरून ओरडला. "मोटार लावू नको मम्मी, लई कमी हाय."

"बरं साहेब," रत्नमाला म्हणाली आणि बटणावरचा हात तिनं मागं घेतला.

आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. गल्लीभर बादल्यांचा आणि भांडणांचा आवाज होता, पण या अंगणात हुकूम चालायचा तो नऊ वर्षांच्या सम्यकचा. हातात बांबूची काठी, काठीवर नेलपॉलिशच्या तीन रेघा: पाव, अर्धा, पाऊण. काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं आणि आईला हुकूम सोडायचा. पाण्याच्या दिवशी या पोराला कुणी उठवावं लागत नव्हतं.

बाजूला खुर्ची टाकून त्याच्या आत्या, साळूबाई, बसल्या होत्या. सोयगावच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेली बाई. सम्यकच्या वडिलांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. गणिताच्या तासाला ओकाऱ्या काढणारं पोर रत्नमालानं शाळेतून काढलं होतं आणि वर्षभर ती त्याला घरीच शिकवत होती. नवऱ्याचं म्हणणं एकच: ताई बघतील आणि सांगतील. ताई घरी म्हणाल्या तर घरी, नाहीतर सोमवारपासून शाळा. तीच शाळा, तोच वर्ग.

सकाळपासून ताईंनी निकाल काही सांगितला नव्हता. येताना आणलेले पेरू तेवढे त्यांनी ताटात काढून ठेवले होते. रत्नमालाचा जीव टांगणीला लागला होता.

"अर्धा झाला!" सम्यक ओरडला. "आजून पाव चढला की पाऊण. पाऊण झाला की लाव मोटार, नायतर वरची टाकी भरायच्या आधीच हौद खाली होतो."

साळूबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "हे कुणी शिकवलं गं याला?"

झालं. वर्षभराचं कौतुक रत्नमालाच्या पोटात मावेना. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"तेच तर ताई! त्याला पत्ताच नाय. त्याला वाटतं आपण पाणी भरतोय. सगळे अपूर्णांक शिकवलेत, अन् पोराला नावसुद्धा ठाऊक नाय. भाकर मोडली की अर्धी, चतकोर, नितकोर. पेरू चिरला की तेच. सुंठीवाचून खोकला गेला बघा!"

हौदातला काठीचा आवाज थांबला.

"मम्मी, हे गणित होतं?"

रत्नमाला हसली, पण हसू पुरतं आलं नाही. "अरे, खेळच की तो. थोडं गणित असलं म्हणून काय झालं?"

"मी मोजत नव्हतो तवा तू पाणी कसं भरायचीस?"

"बघून भरायची."

"नुसती बघून?"

"व्हय."

"म्हणजे काठी लागतच नाय."

तो खाली उतरला. काठी त्यानं भिंतीला टेकवून ठेवली, आपटली नाही, फेकली नाही. आपटली असती तर रत्नमालाला बरं वाटलं असतं.

"सम्यक, इकडं ये बाबा," साळूबाई म्हणाल्या. "आत्ता काय म्हणलास तू? अर्ध्यात पाव मिळवला की किती?"

"नाय येत."

"अरे, आत्ताच तर म्हणलास!" रत्नमालाचा आवाज चढला. "पाऊण म्हणलास ना? सांग की आत्याला."

"ते पाणी होतं."

साळूबाईंनी फोन हातात घेतला. "नाय येत म्हणतोस, तर मग शाळा, बरं का. सोमवारी. तुझ्या पप्पाला मला आजच सांगायचंय."

शाळा म्हणजे काय ते सम्यकला ठाऊक होतं. तरी त्यानं उत्तर बदललं नाही. आईकडं मात्र त्यानं टक लावून पाहिलं.

हौद चढत होता. "साहेब, लावू का मोटार?" तिनं विचारलं. तो काठीकडं पाठ करून उभा राहिला. तिनं पुन्हा विचारलं. शेवटी तिनंच हौदात डोकावून पाहिलं आणि बटण दाबलं. मोटार चालू झाली.

"बघ," तो म्हणाला. "येतं तुला."

रत्नमाला त्याच्यासमोर खाली बसली. पदर ओला झाला तरी तिला कळलं नाही.

"चिंचोक्यांचा खेळ पण गणितच?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"वेरूळला आपण खांब मोजले ते?"

"ते पण."

"एकदा तरी आपण नुसतं खेळलो का गं?"

तिला आठवेना. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं.

"चुकलं माझं, राजा," ती म्हणाली. साळूबाई हातात फोन घेऊन बसल्या होत्या. भावाला न लावताच त्यांनी तो पदराआड ठेवला.

काहीतरी करायचं म्हणून रत्नमालानं ताट पुढं ओढलं. त्यातला मोठा, पिवळा पेरू उचलला, सवयीनं मधोमध सुरी टेकवली.

"कापू नको," सम्यक म्हणाला. "अख्खा दे."

तिनं सुरी ठेवली आणि पेरू त्याच्या हातात दिला. किडका आहे का हे बघावं, तसा त्यानं तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मग कुठं दात लावला.