टाळ्यांचा बंदोबस्त

“‘बाईंचा वरचा स्वर वर जात नाही, तो उंचावर बसून आपल्याला बोलावतो.’” त्याने मोठ्याने वाचलं आणि वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. “घ्या! आता स्वर बसायलाही लागले.”

बायको गळ्याभोवती मफलर गुंडाळत हसली. “आणि तुमच्याबद्दल?”

“‘सहकलाकारांनी नेटाने साथ दिली.’ नेटाने! मी काय पियानो उचलत होतो?”

तिचं हसू मावळलं. “अहो, तुमच्या गाण्याला एवढ्या टाळ्या पडल्या. ते कसं लिहिलं नाही?”

ऑपेरात दोघं बरोबरच आली होती. त्याचा आवाज खर्जातला, तिचा आभाळातला. समीक्षक मात्र वर बघूनच लिहायचे. मरणाच्या प्रवेशात ती ‘ओंजळीत धरलेल्या दिव्यासारखी मंदावते’, हे वाक्य तर भाजीवालासुद्धा त्याला ऐकवून गेला. बायकोवर त्याचा जीव होता, म्हणूनच जास्त झोंबायचं. परक्याचं कौतुक दाराबाहेर राहतं. हे रोज उशाशी येऊन निजायचं.

त्याच दिवशी नाट्यगृहाच्या जिन्याखाली त्याने तिला टाळीमास्तराशी कुजबुजताना पाहिलं. बाल्कनीत आपली माणसं पेरायची, नेमक्या जागी टाळी सुरू करायची, की उरलेलं नाट्यगृह मेंढरासारखं मागून येतं, हा टाळीमास्तराचा धंदा. नवऱ्याला पाहताच ती गप्प झाली.

अस्सं! म्हणजे कौतुकाचं पाणी या विहिरीतून येतं तर. टाळ्यांचा कैफ चढला की समीक्षकाची लेखणी डोलणारच!

ती आत गेल्यावर त्याने टाळीमास्तराला गाठलं. “उद्या तुमच्या माणसांनी हात खिशात ठेवायचे.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी. अख्खा प्रयोगभर.”

“बाईंना विचारलंत?”

“तिला कळता कामा नये.” त्याने नोटा पुढे केल्या.

टाळीमास्तराने त्या मागे सारल्या. “न वाजवण्याचे कसले पैसे, साहेब? तुमची मर्जी.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या अंकाच्या शेवटी तिचं गाणं संपलं. नाट्यगृह चिडीचूप. विंगेत उभ्या उभ्या त्याच्या काळजाला गारवा मिळाला. पण एका श्वासापुरताच. मग बांध फुटावा तशा नाट्यगृहात टाळ्या कोसळल्या. लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतला समीक्षक तर मांडीवरचे कागद सांडून टाळ्या पिटत होता.

पडदा पडताच तो विंगेतून तसाच राजाच्या झग्यानिशी जिना चढून बाल्कनीत पोचला. टाळीमास्तर भिंतीला टेकून उभा होता. शेजारी त्याची माणसं ओळीने बसलेली.

“मर्जी म्हणालात आणि वर ही गद्दारी?”

“साहेब, एकाचाही हात खिशाबाहेर आला नाही. विचारा यांना.”

“मग तो कडकडाट कुणाचा होता?”

“लोकांचा. रोजच असतो. बाईंच्या गाण्याला आमची गरज कधी लागलीच नाही.”

खाली घंटा झाली. दुसरा अंक त्याच्याच गाण्याने उघडायचा होता.

टाळीमास्तराने घसा खाकरला. “घाईत विचारतो, साहेब, रागावू नका. आता तुमच्या गाण्यालाही हात खिशातच ठेवायचे ना? नाही म्हणजे, बाईंनी आम्हाला आजवर तेवढ्या टाळ्यांसाठीच तर बोलावलंय.”